चौगुलेबाईंच्या रंगातला गाळ

संपादकांनी फोनवर सांगितलं, "लॅबमधल्या गमतीजमती लिहा, पोवार. तीस वर्षं लोकांचं रक्त बघितलंय तुम्ही." मी हो म्हणालो. कागद समोर घेतला तेव्हा ध्यानात आलं, की त्या तीस वर्षांतली निम्मी वर्षं मी रक्तापेक्षा चौगुलेबाईंकडंच जास्त बघत होतो. गैरसमज नको. मी त्यांच्यावर जळत होतो. त्यांचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखायचं आणि मी त्याला कधी ॲसिडिटी म्हणायचो, कधी कामाचा ताण. आता साठी उलटली आहे, तेव्हा खरं नाव घ्यायला हरकत नाही.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या साहेबांची लॅब होती. साहेब म्हणजे पॅथॉलॉजीचे डॉक्टर. दोन खोल्या, वर गच्ची, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. नव्वद साल उजाडलं तेव्हा मी तिथं चांगला मुरलेला टेक्निशियन होतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, रक्त काढलं की आमचं काम संपलं. खरं काम तिथून सुरू होतं. रक्ताचा थेंब काचेच्या स्लाईडवर ठेवायचा आणि दुसऱ्या काचेच्या कडेनं तो एका दमात पुढं ओढायचा. नीट ओढला तर जिभेच्या आकाराचा पातळ थर उमटतो. हात मध्ये थबकला की पट्टे पडतात, घाई केली की थर जाड होतो. थर वाळला की त्यावर रंग ओतायचा, कारण रंगाशिवाय पांढऱ्या पेशी ओळखताच येत नाहीत.

हा रंग बाजारात तयार मिळायचा, पण आमचे साहेब जुन्या वळणाचे. पूड आणायची, मिथेनॉलमध्ये खलायची, तपकिरी बाटलीत भरून आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवायची, रोज हलवायची. लोणच्यासारखा हा रंग मुरावा लागतो. मग गाळून घ्यायचा. त्यात घालायचं पाणीही मोजून मापून केलेलं लागतं. त्यात आम्ल वाढलं की स्लाईड तांबडी होते, कमी पडलं की निळी. गाळण्यात हयगय झाली तर रंगाचा गाळ स्लाईडवर बसतो आणि काळे-जांभळे ठिपके दिसतात. नवशिका त्यालाच जंतू समजून आनंदानं ओरडतो. माझ्या रंगात गाळ नसायचा. ही बढाई समजा, पण खरी आहे. दुसऱ्या लॅबवाले माझी बाटली उसनी मागायला यायचे.

आणि मग चौगुलेबाई आल्या. निपाणीकडच्या, माझ्याच वयाच्या, घरात कन्नड आणि बाहेर मराठी. आधी मिरजेला कुठं तरी काम करत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला "पोवारदादा" म्हटलं आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

एक पैलवान आठवतो. तालमीतला गडी, दारातून तिरका होऊन आत यावं लागेल एवढा. मी सुई काढली तर हा पांढराफटक. "पावणं, तुमी नगासा," तो म्हणाला. "त्या निपाणीच्या बाई हायत न्हवं, त्यास्नी बोलवा. त्यांच्या हाताचं कळतच न्हाय म्हणत्यात." ह्या गड्याला मी आजवर कधी बघितलं नव्हतं. म्हणजे बाईंचा लौकिक तालमीपर्यंत पोचला होता. बाई आल्या, त्याला गावातल्या कुस्त्यांबद्दल काही तरी विचारत राहिल्या आणि त्याला कळायच्या आत नळी भरून मोकळ्या झाल्या. पैलवान जाताना त्यांना वाकून नमस्कार करून गेला. मला सहा वर्षांत कुणी नमस्कार केला नव्हता.

पण रक्त काढण्यावरून जळण्याइतका मी हलका नव्हतो. माझा जीव होता सूक्ष्मदर्शकावर. साहेबांना एखादी स्लाईड अडली की ते आतून हाक मारायचे, "पोवार, बघ रे जरा." त्या एका हाकेवर मी आठवडा काढायचो. एकदा एका तापाच्या रोग्याची स्लाईड मी बघितली आणि मलेरिया नाही असं लिहिलं. साहेबांना शंका होती. त्यांनी ती बाईंकडं दिली. बाईंनी जवळजवळ तासभर बसून अगदी कडेला एक, फक्त एक परजीवी शोधून काढला. त्यानंतर आतून हाक यायला लागली ती अशी, "चौगुलेबाई, जरा बघता का?" पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो, सवयीनं. मग पाणी प्यायला उठलो असं दाखवलं.

साहेबांचा एक नियम होता. ज्यानं रंगवलं त्यानं वाचायचं नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार बाई रंगवायच्या आणि मी वाचायचो. बाकीचे तीन दिवस उलटं. एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेत यावी हा हेतू. नियम चांगलाच होता. मी मात्र त्याचा वेगळाच उपयोग करू लागलो. बाईंच्या रंगात कधीमधी गाळ यायचा, फार नाही, महिन्याला एखाद्या स्लाईडवर. तशी स्लाईड सापडली की मी ती धुवायला टाकायचो नाही. माझ्या खणात पेढ्यांचा एक रिकामा खोका होता, त्यात कापूस घालून ती जपून ठेवायचो. बाकीच्या स्लाईड महिन्याभरानं धुऊन पुन्हा वापरायची आमच्याकडं पद्धत होती, त्यामुळं एखादी कमी झाली तरी कुणाला कळायचं नाही. डझनभर झाल्या की साहेबांपुढं खोका उघडायचा आणि म्हणायचं, बघा साहेब, तुमच्या लाडक्या बाईंचं काम. बायकोला मी ही योजना सांगितली तेव्हा ती म्हणाली, "तुमास्नी दुसरं काय काम न्हाय व्हय?" मी तिला पुन्हा काही सांगितलं नाही.

खोक्यात सात स्लाईड जमल्या होत्या तेव्हा राधानगरीकडची ती पोर आली. शतक संपायला दोनेक वर्षं उरली असतील. श्रावणातला शुक्रवार होता. चार वर्षांची मुलगी आईच्या कडेवर, अंगावर फोड, डोळे उजेडानं बारीक केलेले. आणि केस चांदीचे. पांढरे नव्हे, पिकलेले नव्हे, घासलेल्या भांड्यासारखे करडे-चमकदार. गावात तिला चांदी म्हणूनच हाक मारायचे. बाप दूध गोळा करणारा टेम्पो चालवायचा. आई चांगली बोलकी होती.

"ताप येतोय, जातोय," ती मला म्हणाली. "फोड उठत्यात, वाळत्यात, परत उठत्यात. सासू म्हणती केस द्येवीनं दिल्यात, त्याला नजर लागती. तुमी रगात बघा, मग मी तिला काय सांगायचं ते सांगते."

मी रक्त काढलं. स्लाईड बाईंनी रंगवली. दुपारी मी वाचायला बसलो आणि माझा चेहरा उजळला. पांढऱ्या पेशींच्या आत मोठमोठे करडे-जांभळे गोळे! एकेका पेशीत चार-चार, पाच-पाच. एवढा गाळ बाईंच्या रंगात आजवर कधी आला नव्हता. आठवी स्लाईड, आणि सातांना मागं टाकणारी.

आता मी जे सांगतो ते कुठल्याही शिकाऊ माणसाला ठाऊक असतं. गाळ कुठंही पडतो. तांबड्या पेशींवर, दोन पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत, थराच्या बाहेर कोऱ्या काचेवरसुद्धा. तो काही घर बघून पडत नाही. त्या स्लाईडवर मात्र गोळे फक्त पांढऱ्या पेशींच्या पोटात होते आणि बाकी काच लख्ख. रंग सुरेख आला होता. माझ्या डोळ्यांना हे दिसत होतं, मी आंधळा नव्हतो. पण मला तिथं बाईंची चूक हवी होती आणि मी ती बघितली. नवीन स्लाईड करून स्वतःच्या रंगात टाकली असती तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. मी गोळ्यांकडं दुर्लक्ष करून पेशी मोजल्या, पांढऱ्या पेशी जरा कमी एवढंच लिहिलं, सही केली. स्लाईड खोक्यात गेली. पोर औषधाची बाटली घेऊन घरी गेली.

पाच महिने गेले. संक्रांतीच्या सुमाराला ती परत आली तेव्हा आईला तिला पाठीशी बांधावं लागलं होतं. ताप उतरत नव्हता, पोट फुगलं होतं, पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून हाताला लागत होती. दिवस माझा होता. मी रंगवलं, बाई वाचायला बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी मला बोलावलं.

"पोवारदादा, जरा हिकडं या. हे गोळे बघा. मला आधी वाटलं गाळ हाय. पर आज रंग तुमचा हाय की. तुमच्या रंगात गाळ कसा असंल? म्हंजे हे पेशीतच हाय. काय हाय हे?"

हे वाक्य मी पुढं किती तरी वेळा मनात घोळवलं आहे. माझ्या रंगावर बाईंचा विश्वास होता, म्हणून त्यांना आजार सापडला. त्यांच्या रंगावर माझा नव्हता, म्हणून माझ्या हातून तो निसटला. मी सूक्ष्मदर्शकात डोकावलो. तेच गोळे. माझ्या स्वतःच्या, आठवडाभर रोज दोनदा हलवलेल्या, दुहेरी गाळलेल्या रंगात. मी भिंग फिरवून पुन्हा बघितलं. आणि तेवढ्यातही मनात आलं, हे हिनं शोधलं.

बाई तोपर्यंत उठून बाहेर गेल्या होत्या. त्यांनी पोरीच्या डोक्यावरचा एक केस मागून घेतला, काचेवर ठेवला आणि भिंगाखाली सरकवला. शेजारी स्वतःचा एक काळा केस. काळ्या केसात रंगाची बारीक पूड सगळीकडं सारखी पसरलेली असते. चांदीच्या केसात ती गाठीगाठीनं बसली होती. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली होती? कुणी नाही. केसातही रंग असतो आणि पेशीतही पिशव्या असतात, एवढं त्यांच्या डोक्यात एकत्र आलं. साहेबांनी कपाटातलं जाडं पुस्तक काढलं, चाळलं, आणि मग बाईंकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी अजून विसरलेलो नाही. माझ्याकडं कुणीही तसं कधी बघितलं नाही.

आजाराला दोन परदेशी डॉक्टरांची नावं आहेत, आमच्या जिभेवर ती कधी बसली नाहीत. गाभा मात्र समजण्यासारखा आहे. पेशीच्या आत पातळ पडद्याच्या असंख्य बारीक पिशव्या असतात. कुणात जंतू विरघळवणारा रस, कुणात केसाला देण्याचा रंग. ह्या पिशव्या सतत इकडून तिकडं जात असतात. कुठली कुठं जायची, कुणाला जाऊन मिळायची, किती मोठी व्हायची आणि कधी वेगळं व्हायचं, ह्यावर देखरेख लागते. त्या देखरेखीतलं एक भलंमोठं प्रथिन माणसाच्या एका जीनवरून तयार होतं. तो जीन परदेशात सापडून तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. साहेबांनी मुंबईच्या मित्राकडून त्यावरच्या लेखाची झेरॉक्स मागवली आणि आम्हा दोघांना समोर बसवून वाचून दाखवली. तो जीन बिघडला की हे प्रथिन नीट बनत नाही, पिशव्या फुगून राक्षसी होतात आणि जागच्या जागी अडून बसतात. जंतू पेशीच्या तावडीत येतो, पण त्याच्यावर रस पोचत नाही. आता निवृत्तीनंतर मी हे सगळं सवडीनं वाचतो. ते प्रथिन नेमकं कसं काम करतं हे शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं उलगडलेलं नाही, हे वाचून मला का कुणास ठाऊक जरा बरं वाटतं.

आई-बापाला हे सांगायचं काम साहेबांनी बाईंवर टाकलं. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

"तुमच्यात दूध पिशव्यांत भरत्यात बघा," बाई म्हणाल्या. "अर्ध्या लिटरची पिशवी घरोघरी जाती. समजा सगळ्या पिशव्या एकात एक मिसळल्या आणि एकच टेम्पोएवढा फुगा झाला. दारातनं आत जाईल?"

"न्हाय जायचा," आई म्हणाली.

"दूध हाय, पर घरात न्हाय. तसंच पोरीच्या रक्तात झालंय. औषध आतच हाय, पर ते जखमेवर पोचत न्हाय. केसातला रंग पण तसाच अडलाय, म्हणून केस चांदीचे."

आईनं पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "आत्याच्याच घरात दिलीया मला. सासू म्हंजे माझी सख्खी आत्या. त्यानं झालं म्हणत्यात काय हे?"

"एकाच घरातला जीन दोन्हीकडनं आला की असं होऊ शकतं," बाईंनी लपवलं नाही. "पर त्यात कुणाचा गुन्हा न्हाय ओ. तुमाला काय आधी ठाऊक हुतं?"

आईनं बाईंचा हात धरला. दहा वर्षं पुस्तकं वाचूनही मला ते दुधाच्या पिशवीचं सुचलं नसतं. मला सुचलं नाही ह्याचं दुःख मला त्या पोरीच्या दुखण्यापेक्षा जास्त झालं, हे लिहिताना हात थांबतो, पण खरं ते खरं.

उपाय एकच होता. दुसऱ्याच्या हाडातला मगज घालायचा. तिच्या थोरल्या बहिणीच्या मगजाचा मेळ बसला आणि दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयात नंबर लागला. तिथल्या डॉक्टरांनी पत्रानं विचारलं, पाच महिन्यांपूर्वीची स्लाईड होती ना, त्यात हे गोळे होते का? आजार किती पुढं गेला आहे ते त्यांना ठरवायचं होतं. साहेबांनी रजिस्टर काढलं. आई-बाप समोरच बसले होते.

"पोवार, वाचली तू होतीस. स्लाईड कुठाय?"

खोका माझ्यापासून तीन हातांवर होता. "धुतली असंल साहेब," मी म्हणालो. "महिन्याच्या वर ठेवत न्हाय आपण."

"तुला काही दिसलं नव्हतं?"

"गाळ होता भरपूर. त्यात काय दिसणार?"

साहेबांनी रजिस्टरमध्ये बोट फिरवलं. "शुक्रवार. रंग चौगुलेबाईंचा."

ते एवढंच बोलले, पण आईला पुरलं. ती उठली. "व्हय ओ बाई? तुमी रंग धड लावला न्हाय म्हणून पोरीचं पाच म्हयनं ग्येलं? आणि माझा हात धरून दुधाची गोष्ट सांगत बसला? पोटची असती तर अशी घाण काच पुढं ढकलली असती का?" ती आणखीही बरंच बोलली. नवऱ्यानं तिला बाहेर नेलं. बाई हात जोडून उभ्या होत्या आणि एकदाही म्हणाल्या नाहीत की माझा रंग चांगला होता. त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

तेव्हा मी का बोललो नाही? नोकरी जाईल ही भीती होती. पण खोटं कशाला सांगू, भीतीच्या बरोबरीनं एक गारवाही होता. पुढचे दोन महिने साहेबांनी "पोवार, बघ रे" अशी हाक मारली. मी गेलो, बघितलं, मत दिलं. बाई साध्यासाध्या स्लाईड घेऊन माझ्याकडं यायच्या, "दादा, हे बरोबर हाय न्हवं?" जे मी आठ वर्षं मागत होतो ते सगळं मला मिळालं होतं.

चैत्रात पोरीचा बाप आला. पोर तिकडंच गेली होती. मगज घालायच्या आधी ताप उतरायला हवा होता, तो उतरला नाही. आधी आली असती तर वाचली असती का, असं त्यानं तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते.  रिपोर्टची पिशवी टेबलावर ठेवून तो, आता ह्याचा आम्हाला उपयोग नाही म्हणाला आणि गेला.

त्या दिवसापासून बाईंनी रंगाला हात लावला नाही. "सहाही दिवस तुमीच रंगवा, दादा," त्या म्हणाल्या. गच्चीवर आता फक्त माझ्या बाटल्या. दुसऱ्या आठवड्यात मी त्या हलवायला वर गेलो तर बाई मोरीजवळ बसल्या होत्या. त्यांची शेवटची तपकिरी बाटली हातात होती आणि त्या ती ओतत होत्या. फरशीवर पसरणारा तो रंग मी बघितला. काय सुंदर मुरला होता! निळ्याला जांभळी झाक, कडेला सोन्यासारखी चकाकी, तळाशी कणभर गाळ नाही. असा रंग वाया जाताना रंगवणाऱ्याला सोसत नाही. माझ्या तोंडून ओरडाच निघाला.

"थांबा! ओतू नका. तुमचा रंग चांगला होता!"

मग सगळंच बाहेर आलं. खाली येऊन मी खोका काढला, आठवी स्लाईड त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती भिंगाखाली ठेवली आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही.

"रंग चांगला आलाय की," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. मग मान वर करून, "तुमाला तवाच दिसलं हुतं?"

"दिसलं होतं. मला तुमची चूक पाहिजे होती."

मला वाटलं, रडतील, शिव्या देतील. त्यांनी चष्मा पुसला. "मी तीन म्हयनं झोपले न्हाय, पोवार," त्या म्हणाल्या. त्यात दादा नव्हतं. "मला सांगून काय हुतंय? साहेबास्नी सांगा. आणि राधानगरीला जाऊन त्या आईला सांगा. माझ्यासाठी नगं. तिला खरं कळाय पायजे."

साहेबांना सांगितलं. त्यांनी स्लाईड मागून घेतली, बघितली, कपाटात कुलपात ठेवली. मला काढलं नाही. पण पुढं मी निवृत्त होईपर्यंत आतून माझ्या नावाची हाक आली नाही आणि मी वाचलेली प्रत्येक स्लाईड ते स्वतः पुन्हा वाचत गेले. पेशी मोजणारं मशीन आलं तेव्हा सगळ्यात जास्त सुटल्यासारखं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी राधानगरीची एसटी धरली. पुढं फाट्यावर उतरून चालत. वाटभर मी मनाची तयारी करत होतो. ती शिव्या देईल. तोंडावर थुंकेल. गाव गोळा होईल, मारही बसेल. बसू दे, असं मी ठरवलं होतं. खरं तर मला तो हवा होता. एवढं करून गेल्यावर माणसाला आपल्या वाट्याचं काही तरी मिळावं असं वाटतं.

ती अंगणात दुधाची भांडी घासत होती. थोरली मुलगी पायरीवर बसली होती, काळ्याभोर केसांची. सासू आत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. खोका, गाळ, खोटं बोललो ते. ती घासायची थांबली होती.

"म्हंजे त्या बाईंचा रंग चांगला हुता?"

"व्हय. चांगला होता."

"त्यांचं काय चुकलंच न्हवतं?"

"न्हाय."

"आणि मी त्यास्नी तोंडाला ईल ते बोलले. समद्यांम्होरं." तिनं हातातली राख धुतली. आत जाऊन लुगडं बदलून आली. "आत्या, मी कोल्हापूरला जाऊन येते," एवढं सासूला म्हणाली आणि चालू लागली. मी तसाच उभा. मग मीही मागून निघालो.

एसटीत ती पुढं खिडकीशी बसली, मी मागं. दीड-दोन तासांच्या वाटेत तिनं एकदाच मान वळवून विचारलं, "बाई आज असतील न्हवं?" बाकी काही नाही. ज्या शिवीची मी वाट बघत होतो ती आलीच नाही. तिच्या लेखी मी निरोप घेऊन आलेला माणूस होतो.

लॅबमध्ये बाई टेबलाशी होत्या. ती थेट गेली आणि त्यांच्या पायाशी वाकली. बाईंनी तिला वरच्यावर धरलं. "आक्का, माझी जीभ झडाय पायजे हुती," ती म्हणत होती. "तुमी माझ्या चांदीसाठी केस काढून बघितलं, आणि मी..." पुढचं ऐकू आलं नाही. दोघी एकमेकींच्या खांद्यावर रडत होत्या. बसलेले पेशंट उठून बाहेर गेले.

"पोवार, खुर्ची आणा जरा," बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

मी खुर्ची आणून ठेवली. ती बसली, बाईंचा हात तिनं सोडला नव्हता. पोर गेलेली होती, ती माझ्यामुळं गेली की कसं हे कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि त्या खोलीत माझ्यावर रागावायलाही कुणाला सवड नव्हती. मी भिंतीला टेकून उभा होतो. तेव्हाही मला चौगुलेबाईंचा हेवाच वाटत होता.